फॉलीज (ब्रॉडवे संगीतिका)

स्टीफन सॉन्डहाइम (१९३०–२०२१) यांचे संगीत व पदे आणि जेम्स गोल्डमन (१९२७–९८) यांची संहिता असलेली अमेरिकन संगीतिका. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरील विंटर गार्डन नाट्यगृहात ४ एप्रिल १९७१ रोजी तिचा शुभारंभ झाला. दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स व मायकेल बेनेट यांचे, नृत्ये बेनेट यांची. पाडायला काढलेल्या जुन्या नाट्यगृहात तिथल्या एके काळच्या नर्तकी-गायिका एका रात्रीपुरत्या पुन्हा जमतात, एवढाच तिच्या कथानकाचा सांगाडा. या भूमिकांना खरोखरीच्या उतारवयातले, कधी काळी गाजलेले कलावंत लागतात. शुभारंभानंतरही तिची पदे आणि संवाद पुनःपुन्हा बदलले गेले. मात्र तिचे वेगवेगळे प्रयोग शेजारी ठेवून पाहिले तर पदांच्या बदलापेक्षा ती गाणाऱ्यांच्या बदलाने ही संगीतिका अधिक पालटलेली दिसते.

जन्मकथा

सॉन्डहाइम आणि गोल्डमन यांनी १९६५ मध्ये ‘द गर्ल्स अपस्टेअर्स’ या नावाने लेखनाला सुरुवात केली. आरंभीचा खर्डा वास्तववादी होता, त्याला रहस्यकथेचा बाजही होता. निर्माते आले आणि गेले. अखेर प्रिन्स यांनी ती स्वीकारली ती एका अटीवर: सॉन्डहाइम यांनी आधी त्यांच्यासोबत ‘कंपनी’ (१९७०) ही संगीतिका पूर्ण करावी.

प्रिन्स यांच्या डोक्यात एक छायाचित्र घर करून होते. न्यूयॉर्कचे अवाढव्य रॉक्सी चित्रपटगृह १९६० मध्ये पाडले जात असताना ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी एलियट एलिसोफन यांनी ते टिपले होते. ढिगाऱ्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, उंची पोशाखातली मूकपटांची तारका ग्लोरिया स्वॉन्सन उभी आहे. याच चित्रपटगृहाचे उद्‌घाटन १९२७ मध्ये तिच्या चित्रपटाने झाले होते. या चित्रामुळे वास्तववाद मागे पडला आणि रंगमंचावर भुते आली. पार्टीला आलेल्या पात्रांच्या अवतीभवती त्यांचीच तरुणपणीची रूपे वावरतात. काही वेळा बोलतात, काही वेळा नुसती पाहत राहतात.

कथेतले वाइसमन नाट्यगृह काल्पनिक आहे, पण त्यामागे फ्लोरेन्झ झीगफेल्ड यांनी १९०७ पासून सादर केलेल्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या भपकेबाज नृत्यगीतांच्या कार्यक्रमांची परंपरा उभी आहे. झीगफेल्ड यांच्या मृत्यूनंतर त्याच नावाने झालेले १९३४ आणि १९३६ चे कार्यक्रम विंटर गार्डनमध्येच झाले होते. म्हणजे १९७१ मध्ये प्रेक्षक ज्या छताखाली बसून ही गोष्ट पाहत होते, त्या छताखाली खरोखरीच्या ‘फॉलीज’ होऊन गेल्या होत्या.

केंद्रस्थानी दोन जोडपी आहेत. सॅली आणि फिलिस या पूर्वीच्या मैत्रिणी, बडी आणि बेन हे त्यांचे नवरे. सॅलीचे मन अजूनही बेनमध्ये अडकलेले. शेवटी ‘लव्हलँड’ नावाच्या स्वप्नवत भागात चौघेही आपापला भ्रम जुन्या ढंगाच्या गाण्यात मांडतात.

मूळ नटसंच

निवड चोख होती. अलेक्सिस स्मिथ (फिलिस) ही चाळीसच्या दशकातली वॉर्नर ब्रदर्सची नायिका. १९७१ च्या मे महिन्यात ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकली. डोरोथी कॉलिन्स (सॅली) दूरचित्रवाणीवरील गायिका म्हणून घराघरांत ठाऊक होती. जीन नेल्सन (बडी) हा संगीतपटांतला नर्तक. इव्हॉन डी कार्लो (कार्लोटा) ‘द टेन कमांडमेंट्स’ या चित्रपटातून आणि त्यानंतर ‘द मन्स्टर्स’ या मालिकेतून आलेली. सोलांज या फ्रेंच गायिकेच्या भूमिकेत फिफी डॉर्से होती. हॉलिवूडने तिला आयुष्यभर पॅरिसची म्हणून मिरवले, प्रत्यक्षात ती कॅनडातील मॉन्ट्रियलची. ‘ब्रॉडवे बेबी’ हे गाणे चौऱ्याहत्तर वर्षांच्या एथेल शुटाला मिळाले. तिने खुद्द झीगफेल्ड यांच्या ‘व्हूपी!’ या संगीतिकेत (१९२८) काम केले होते.

अशा नटसंचाचा परिणाम लेखनावरही झाला. बॉस्टनच्या कलोनियल नाट्यगृहातील पूर्वप्रयोगांत डी कार्लोसाठी ‘कॅन दॅट बॉय फॉक्सट्रॉट!’ हे विनोदी गाणे होते. ते रंगेना. सॉन्डहाइम यांनी बॉस्टनमध्येच नवे गाणे लिहिले, ‘आय ॲम स्टिल हिअर’. मंदी, चौकश्या, पडलेले चित्रपट, बदललेल्या फॅशनी या साऱ्यांतून तगून राहिलेल्या नटीची ती जंत्री आहे. पुढे प्रत्येक प्रयोगात हे गाणे गाणाऱ्या अभिनेत्रीचा स्वतःचा पूर्वेतिहास प्रेक्षक त्यात वाचत आले आहेत.

बेनेट यांनी बसवलेले ‘हूज दॅट वुमन?’ हे नृत्य आजही ब्रॉडवेवरील उत्कृष्ट नृत्यांत गणले जाते. प्रौढ स्त्रिया पावले आठवत, अडखळत नाचू लागतात. मागच्या अंधारातून त्यांची तरुण रूपे तीच पावले आरशातल्यासारखी टाकत पुढे येतात, आणि अखेर दोन्ही रांगा एकमेकींत मिसळतात. इथे पायांतला थकवा खोटा असून चालत नाही.

प्रतिसाद

समीक्षक दुभंगले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्लाइव्ह बार्न्स आणि वॉल्टर कर दोघेही नाराज होते. उलट हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या फ्रँक रिच यांनी बॉस्टनचा प्रयोग पाहून विद्यार्थ्यांच्या दैनिकात लिहिलेले परीक्षण प्रिन्स यांच्या नजरेत भरले. रिच पुढे ‘टाइम्स’चेच मुख्य नाट्यसमीक्षक झाले. १९७२ मध्ये संगीत, दिग्दर्शन, नृत्ये, अभिनेत्री (स्मिथ), नेपथ्य (बोरिस ॲरनसन), वेशभूषा (फ्लॉरेन्स क्लॉट्झ) आणि प्रकाशयोजना (थॅरन मसर) अशी सात टोनी पारितोषिके, म्हणजे ब्रॉडवेचे सर्वोच्च सन्मान, मिळाली. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचे मात्र हुकले. ५२२ प्रयोगांनंतर १ जुलै १९७२ रोजी पडदा पडला तेव्हा सुमारे आठ लाख डॉलरच्या भांडवलातला मोठा भाग बुडाला होता. त्यात भर म्हणजे कॅपिटल कंपनीने ध्वनिमुद्रण एकाच तबकडीत कोंबले. कित्येक गाणी छाटली, काही वगळलीच.

शुभारंभानंतरची फेररचना

ब्रॉडवेचा रिवाज असा की दुरुस्त्या बाहेरगावच्या किंवा शुभारंभापूर्वीच्या प्रयोगांत करायच्या. समीक्षक येऊन गेले की संहितेला हात लावायचा नाही. याला अपवाद आहेत. ‘द स्कार्लेट पिम्परनेल’ (१९९७) चालू असतानाच नव्या दिग्दर्शकाकडे दिली गेली, आणि १९९८ च्या शरद ऋतूत काही काळ बंद ठेवून बदललेल्या रूपात परत आली. सॉन्डहाइम–प्रिन्स जोडीची ‘मेरिली वुई रोल अलाँग’ १९८१ मध्ये अवघ्या १६ प्रयोगांत बंद पडली. १९८५ पासून ती नव्याने लिहिली जाऊ लागली, २००२ मध्ये तिचा मूळ तरुण नटसंच मध्यमवयात एका मैफलीसाठी पुन्हा जमला, आणि २०२४ मध्ये तिने सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचे टोनी पटकावले.

फॉलीजचा दुसरा जन्म मैफलीतून झाला. ६ आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजी लिंकन सेंटरच्या एव्हरी फिशर हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या साथीने ती सादर झाली. हेतू होता मूळ तबकडीची उणीव भरून काढण्याचा. सॅली झाली बार्बरा कुक, म्हणजे ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेची (१९५७) पहिली नायिका मॅरियन. ली रेमिक, जॉर्ज हर्न, मँडी पॅटिनकिन, कॅरल बर्नेट, एलेन स्ट्रिच सोबतीला होते. संवाद फार थोडे उरले, तरी रंगमंचावर येणाऱ्या एकेका कलावंताला मिळालेल्या टाळ्या ध्वनिमुद्रणात ऐकल्या की कथानक वेगळे सांगावे लागत नाही.

सर्वांत मोठी दुरुस्ती लंडनची. निर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉश यांच्यासाठी १९८७ मध्ये शाफ्ट्सबरी नाट्यगृहात गोल्डमन यांनी संहिता नव्याने लिहिली, सॉन्डहाइम यांनी नवी गाणी दिली. डायना रिग (फिलिस) हिच्यासाठी ‘आ, बट अंडरनीथ’ आले, बेनचे ‘द रोड यू डिडन्ट टेक’ गेले. भुतांचा वावर घटला, शेवट आशादायी झाला. ६४४ प्रयोग झाले, म्हणजे ब्रॉडवेपेक्षा जास्त. तरीही पुढच्या दिग्दर्शकांनी ही आवृत्ती बहुतांशी बाजूला ठेवली, आणि ते योग्यच झाले: कडवटपणा काढला की जुन्या ढंगाची गाणी नुसती स्मरणरंजनासाठी उरतात. संहिता इतकी बदलूनही त्या प्रयोगात लक्षात राहिली ती पुन्हा ज्येष्ठ मंडळीच. कार्लोटाच्या भूमिकेत आधी डोलोरेस ग्रे, मग अर्था किट होती.

यानंतरचे प्रयोग मूळ संहितेच्या जवळ सरकत गेले. न्यू जर्सीतील पेपर मिल प्लेहाऊसने १९९८ मध्ये जुन्या संगीतपटांतली नर्तकी ॲन मिलर हिच्याकडून ‘आय ॲम स्टिल हिअर’ गाऊन घेतले. तिथली सॅली डोना मॅकेक्नी ही बेनेट यांच्याच ‘अ कोरस लाइन’ची (१९७५) मूळ नायिका. ब्रॉडवेवर २००१ मध्ये बेलास्को नाट्यगृहात झालेले पुनरुज्जीवन ११७ प्रयोगांत आटोपले. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचा प्रयोग ब्रॉडवेच्या मार्किस नाट्यगृहात आला. त्यात बर्नाडेट पीटर्स, जॅन मॅक्सवेल आणि ‘एव्हिटा’ची लंडनमधली पहिली नायिका एलेन पेज होत्या. हे नाट्यगृह एका हॉटेलच्या पोटात आहे, आणि त्या हॉटेलसाठी १९८२ मध्ये जुनी पाच नाट्यगृहे पाडली गेली. नेपथ्यकाराला यावर काही भर घालायची गरज नव्हती.

हायडी शिलरची भूमिका

नटसंच हाच संहितेचा भाग कसा बनतो हे एका छोट्या भूमिकेत स्वच्छ दिसते. हायडी ही व्हिएन्नाची वृद्ध ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा) गायिका. ‘वन मोअर किस’ हे वॉल्ट्झच्या ठेक्यातले एकच गाणे तिच्या वाट्याला येते, आणि ते ती आपल्याच तरुण रूपासोबत गाते. थरथरणारा, वर चढताना जपणारा आवाज आणि त्याच्यावर सहज तरंगणारा कोवळा आवाज, दोन्ही एकाच सुरावटीत. तरुण गायिकेला म्हातारीचे सोंग देऊन हे साधत नाही. म्हणून १९८५ च्या मैफलीत मेट्रोपॉलिटन ऑपेराची लिसिया अल्बानीज आली. २००१ मध्ये आली जोन रॉबर्ट्स, जी १९४३ साली ‘ओक्लाहोमा!’ची पहिली नायिका होती. २०११ मध्ये मेट्रोपॉलिटनचीच रोझलिंड इलायस होती.

लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१७ मध्ये डॉमिनिक कुक यांच्या दिग्दर्शनाखाली ही संगीतिका १९७१ प्रमाणे मध्यंतराविना सादर केली. इमेल्डा स्टॉन्टन सॅली झाली, जेनी डी फिलिस, आणि हायडी होती इंग्लंडची ज्येष्ठ ऑपेरा गायिका जोसेफीन बार्स्टो. या प्रयोगाला लंडनच्या रंगभूमीचे २०१८ चे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. २०१९ मध्ये तो परत आला तेव्हा सॅलीच्या भूमिकेत जोआना रायडिंग होती.