खाणीतून निघालेली वर्णलिपी

इ. स. 1905 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील सेराबित अल-खादिम येथे उत्खनन केले, तेव्हा फिरोजाच्या खाणींच्या परिसरात आणि तेथील हाथोर देवीच्या मंदिरात त्यांना काही ओबडधोबड लेख मिळाले. चिन्हांचे वळण इजिप्तच्या चित्रलिपीचे होते, पण इजिप्शियन भाषेत त्यांतून काहीच अर्थ निघत नव्हता. चिन्हांची एकूण संख्या मात्र तिसाच्या आसपासच भरत होती, आणि इतक्या थोड्या चिन्हांत चालणारी लिपी सुट्या ध्वनींचीच असणार.

कोडे सुटू लागले ते 1916 मध्ये. घर, डोळा, पराणी आणि फुली हा चार चिन्हांचा क्रम लेखांत पुन्हा पुन्हा येतो, हे इजिप्तच्या प्राचीन लिपीचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी हेरले आणि प्रत्येक चिन्ह म्हणजे त्या वस्तूच्या सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या भाषाकुळातील) नावाचा पहिला ध्वनी, असे धरून तो क्रम ‘बालत’, म्हणजे स्वामिनी, असा वाचला. मंदिरात मिळालेल्या लहानशा स्फिंक्सवर हाच शब्द आहे, आणि त्याच मूर्तीवर इजिप्शियन लिपीत हाथोरचे नाव कोरलेले आहे. याच रीतीने बैलाचे डोके हे ‘अल्प’, म्हणजे बैल, या शब्दाच्या आद्य ध्वनीचे चिन्ह झाले. रोमन लिपीतील ‘ए’ उलटा धरला, तर त्याची शिंगे आजही दिसतात.

हे लेख इ. स. पू. 19व्या ते 16व्या शतकांच्या दरम्यानचे मानले जातात. एकेका व्यंजनासाठी सुमारे 24 चिन्हे इजिप्तच्या लिपीतही होती, पण शेकडो चिन्हे पाठ असलेल्या लेखनिकांना बाकीची टाकून देण्याचे कारण नव्हते. ते धाडस खाणीवरच्या कनानी (आजच्या इस्राएल-लेबनॉन भागातल्या, सेमिटिक भाषा बोलणाऱ्या) माणसांनी केले असावे, असे एक मत आहे. ही जाणकार लेखनिकांचीच करामत, असे दुसरे. प्रस्तुत लेखकाला पहिले मत अधिक पटते, कारण पुढची कित्येक शतके ही लिपी कोणत्याही मोठ्या दरबाराने जवळ केली नाही. आजच्या इस्राएलमधील लाखीश येथील हस्तिदंती फणीवरचा, इ. स. पू. 1700च्या सुमाराचा मानला जाणारा आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला लेख तर एवढेच मागतो, की या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत.

पुढे लेबनॉनच्या किनाऱ्यावरील फिनिशियन लोकांकडे 22 व्यंजनांची नेटकी लिपी स्थिरावली आणि इ. स. पू. 8व्या शतकापर्यंत ती ग्रीकांकडे पोहोचली. आपल्या भाषेत नसलेल्या व्यंजनांची चिन्हे ग्रीकांनी ‘अ’, ‘ए’, ‘ओ’ अशा स्वरांसाठी वापरली, आणि स्वरांनाही व्यंजनांच्या बरोबरीने स्वतंत्र अक्षरे मिळाली.

दुसरी शाखा पश्चिम आशियातील अरामाईक या सेमिटिक भाषेच्या लिपीवाटे पूर्वेकडे सरकली. प्राचीन वायव्य भारतातील खरोष्ठी लिपी तिच्यापासून निघाली, हे बहुतेक विद्वानांना मान्य आहे. ज्या ब्राह्मीत सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख कोरला गेला आणि जिच्यापासून पुढे देवनागरी घडली, तिच्या उगमाविषयी मात्र वाद आहे. काही अक्षरांचे साम्य दाखवता येते. परंतु व्यंजनाला काना, वेलांटी जोडून स्वर दाखवण्याची पद्धत आणि कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार लावलेली वर्णमाला सेमिटिक परंपरेत नाही. ती भारतीय ध्वनिविचाराची कमाई आहे.