आधी लाईन क्लिअर, मग गाडी

ताप्ती खोऱ्यातली सुरत–जळगाव लाईन कित्येक दशके एकेरी होती. एकेरी लाईनवर एकच भीती असते: दोन टोकांकडून दोन गाड्या एकाच वेळी सुटण्याची. त्यावर उपाय म्हणून भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर जी यंत्रे आली, त्यांतले एक म्हणजे नील्स बॉल टोकन इन्स्ट्रुमेंट. जड लोखंडी पेटी, पुढे फिरवायचे हँडल, घंटा, प्रवाह दाखवणारा सुईचा गॅल्व्हानोमीटर आणि पोटात पोलादी गोळे, म्हणजेच टोकन. रेल्वेच्या वारसा दालनात ते दिसले तर पुढे जाऊ नका. नेटवर्कचा इतिहास सांगताना लोक कॉम्प्युटरपासून सुरुवात करतात. आमच्या मते ती या पेटीपासून करायला हवी.

काम असे चाले. अ स्टेशनचा मास्तर घंटेचे ठोके देऊन ब स्टेशनचे लक्ष वेधतो. ब ठोक्यांनी उत्तर देतो. मग अ लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागतो. ब आपल्याकडे लाईन मोकळी असल्याची खात्री करून हँडल ‘गाडी येत आहे’ या खुणेवर नेतो आणि तारेतून प्रवाह सोडतो. तो प्रवाह मिळाला तरच अ च्या पेटीचे कुलूप सुटते. अ हँडल ‘गाडी जात आहे’ वर फिरवतो, गोळा खाली पडतो, तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कडीतून ड्रायव्हरच्या हाती जातो. आता दोन्ही पेट्या बंद. हा गोळा कोणत्या तरी एका पेटीत परत जाईपर्यंत दुसरा गोळा कुठूनच निघत नाही. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून आत बसू नये म्हणून गोळ्यांची ठेवणही वेगवेगळी असते.

यात बिघाड कुठे होतो? एका दिशेने गाड्या जास्त गेल्या की गोळे एकाच टोकाला साचतात. मग सिग्नल खात्याचा माणूस नोंद करून ते परत नेऊन टाकतो. गोळा हरवला तर त्याहून वाईट: दोन्ही पेट्या कुलूपबंद राहतात आणि कागदी लाईन क्लिअर तिकिटावर गाड्या चालवाव्या लागतात. १९८५ साली आयबीएमने ‘टोकन रिंग’ नावाचे कॉम्प्युटर नेटवर्क बाजारात आणले. ज्याच्याकडे टोकन त्यानेच बोलायचे, हाच तिथला नियम. तिथेही टोकन हरवायचे. म्हणून रिंगमधल्या एका यंत्राकडे पहारा असे आणि टोकन ठरलेल्या वेळात फिरकले नाही तर ते नवे टोकन सोडत असे.

या पेट्या ज्या तारेवर चालत तिचा इतिहास खानदेशाला जवळचा आहे. ७ मार्च १८७० रोजी जबलपूरला मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग जोडले गेले. मुंबईहून येणारा फाटा भुसावळला दुभंगतो: एक नागपूरकडे, दुसरा खंडवा-इटारसीकडून जबलपूरला. रुळांच्या कडेने तारेचे खांब चालत. लांब-आखूड ठोक्यांची मॉर्सची तार एकेरी असते. परतीचा प्रवाह जमिनीतून येतो. प्रत्येक टोकाला मातीत पुरलेली पत्र्याची अर्थ प्लेट, म्हणजे जमिनीशी जोडणी, लागते. ओल्या काळ्या मातीत ती उत्तम काम करते, पण वैशाखात हीच माती भेगाळते, प्लेटपासून सुटते आणि अर्थचा रोध वाढतो. तार शाबूत, बॅटरी ताजी, तरी तारेचे ठोके ऐकवणारा साउंडर दबक्या आवाजात टकटकतो. उपाय आजच्या अर्थिंगच्या खड्ड्यासारखाच: भोवती कोळसा व मीठ, आणि उन्हाळ्यात घागरभर पाणी.

बॅटरीचेही तेच. लेक्लांशे सेलमध्ये काचेच्या बरणीत नवसागराचे पाणी, जस्ताची कांडी, आणि मँगनीज डायऑक्साइडमध्ये बसवलेला कार्बन असतो; दाब साधारण दीड व्होल्ट. घंटेसारख्या थांबून-थांबून होणाऱ्या कामाला हा सेल चांगला. सतत प्रवाह काढला तर दमतो, म्हणून तशा जागी मोरचुदाचा डॅनिएल सेल. नवसागराचे क्षार बरणीच्या काठावरून वर चढतात आणि जोडण्या खातात. त्यासाठी काठाला मेण लावत. एखाद्या संग्रहातल्या बरणीच्या गळ्याशी पांढुरका मेणाचा पट्टा दिसला तर तो मळ समजून खरवडू नका.

मॉर्समध्ये माणसाला अडचण नव्हती, यंत्राला होती. त्यातली अक्षरे कमी-जास्त लांबीची, त्यामुळे एक कुठे संपले नि दुसरे कुठे सुरू झाले हे कानच ठरवतो. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षराला सारख्याच पाच खुणा दिल्या. प्रत्येक खूण असते किंवा नसते, म्हणून पाच खुणांचे ३२ प्रकार होतात. इंग्रजी अक्षरेच २६, मग आकडे कुठे बसवायचे? म्हणून दोन खास खुणा: एक ‘आता अक्षरे’, दुसरी ‘आता आकडे’. दुसरी खास खूण येईपर्यंत यंत्र त्याच अवस्थेत राहते.

तारेतून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरवर काम केलेल्यांना यातला घोळ पाठ असतो. विजेचा कडकडाट झाला, एक खूण बिघडली आणि यंत्र चुकून आकड्यांत गेले, तर ‘ट्रेन’ची टी, आर, ए, आय, एन ही अक्षरे कागदावर ५, ४, आडवी रेघ, ८, स्वल्पविराम अशी उमटतात. कीबोर्डची वरची ओळ म्हणजे अनुक्रमे १ ते ०, हे लक्षात असेल तर असा मजकूर उलगडतो. नवी ओळ सुरू करताना पुन्हा ‘अक्षरे’ची खूण पाठवायची शिस्त त्यामुळेच होती.

टेलिप्रिंटरचा वेग सामान्यतः ५० बॉड, म्हणजे सेकंदाला ५० खुणा. एक खूण २० मिलिसेकंदांची. अक्षराआधी एक सुरुवातीची खूण, मग पाच, शेवटी दीडपट लांब थांबा. मिळून १५० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरे. दोन गावांतल्या दोन मोटारी तंतोतंत एका वेगाने फिरणे शक्य नसते. सुरुवातीची खूण आली की घेणारे यंत्र नव्याने मोजू लागते, त्यामुळे फरक साचत नाही. तरी एका अक्षरापुरती चूक होऊ शकते. पाचव्या खुणेचा मध्य सुरुवातीपासून साडेपाच खुणांवर येतो आणि अर्ध्या खुणेहून जास्त घसरले की वाचन चुकते. अर्धा भागिले साडेपाच, म्हणजे कागदावर ९ टक्के सवलत. पण तारेतून येताना खुणांच्या कडा विस्कटलेल्या असतात, म्हणून वेगातला फरक याहून कितीतरी कमी ठेवावा लागे. तो तपासायला फटी असलेला ट्यूनिंग फोर्क असे. फोर्क छेडायचा आणि त्याच्या फटीतून, मोटारीचा वेग राखणाऱ्या फिरत्या गव्हर्नरवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पाहायच्या. पट्ट्या स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, सरकत असतील तर स्क्रू फिरवायचा. असा फोर्क अडगळीत सापडला तर संगीताचे सामान म्हणून बाजूला टाकला जाण्याची शक्यता फार. टोकांना छोटे पत्रे आणि त्यांत फट दिसली की तो टेलिप्रिंटरचा.

कागदी फितीत छिद्रे पाडून संदेश आधी तयार करत. छिद्र एकदा पडले की बुजत नाही. मग चूक कशी खोडायची? फीत एक घर मागे घ्यायची आणि पाचही छिद्रे पाडायची. पाचही छिद्रे हीच ‘अक्षरे’ची खूण असल्याने यंत्र काहीच छापत नाही. पुढे सात खुणांची आस्की संकेतप्रणाली आली तेव्हा ‘डिलीट’ला १२७ हा क्रमांक मिळाला: सातही छिद्रे. विंडोजच्या साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीअंती दोन संकेत असतात, त्यांचे मूळही इथेच. छपाईचा गाडा डावीकडे परत न्यायचा एक आणि कागद वर सरकवायचा दुसरा.

पहिल्या कॉम्प्युटरांनी हेच सामान उचलले. केंब्रिजचा १९४९ चा एडसॅक पाच छिद्रांची फीत वाचायचा आणि उत्तर टेलिप्रिंटरवर द्यायचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू झाला, त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० कड्या. प्रत्येक कडीतून आडवी आणि उभी तार जाते. दोन्हींतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की फक्त त्यांच्या छेदावरच्या कडीचे चुंबकत्व उलटते. वाचायचे तरी उलटवावेच लागते, म्हणून प्रत्येक वाचनानंतर तेच परत लिहावे लागते. संग्रहालयात अशी जाळी असेल तर भिंग मागून घ्या.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे इंटरनेटच्या पूर्वजाचा, अर्पानेटचा, पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ची एल आणि ओ ही दोन अक्षरे पोचली, मग समोरचे यंत्र बंद पडले. हे सगळीकडे सांगितले जाते. आम्हाला त्यामागचे कपाट जास्त महत्त्वाचे वाटते: हनीवेलच्या मिनिकॉम्प्युटरवर बांधलेला आयएमपी, म्हणजे संदेशांची ने-आण करणारे यंत्र, जो आजही त्या विद्यापीठात जपला आहे. दोन कपाटांत सेकंदाला ५० किलोबिटची लाईन. प्रत्येक पाकिटाला, म्हणजे संदेशाच्या तुकड्याला, २४ बिटांची पडताळणी जोडलेली. पाकीट बिघडले तर घेणारे यंत्र गप्प बसते. पोच मिळाली नाही की पाठवणारे पुन्हा पाठवते. मधल्या माणसाच्या नजरेवर काहीच सोडलेले नाही.

घरगुती टोकाला मोडेम आला. टेलिफोनच्या तारेवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झचाच आवाज जातो, म्हणून शून्य आणि एकाचे दोन सूर केले. ३०० बॉडला सेकंदाला ३० अक्षरे; एक मेगाबाइट पाठवायला पावणेदहा तास लागतात. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुले केले. सेकंदाला ९,६०० बिटच्या मोडेमवर तेच काम सुमारे १८ मिनिटांत होई, अर्थात लाईन मध्येच तुटली नाही तर. १९८१ मध्ये हेजच्या स्मार्टमोडेमने मोडेमला लेखी आज्ञा द्यायची पद्धत रुजवली: आधी ए-टी, म्हणजे ‘लक्ष दे’, मग डायलसाठी डी. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात विहिरीवरची मोटार फोनवरून चालू करणारा मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. त्यातले मोबाइल नेटवर्कशी बोलणारे जीएसएम मोड्यूल आजही ए-टीनेच सुरू होणाऱ्या आज्ञा ऐकते, आणि त्या आज्ञा त्याच्याकडे सुरुवातीची खूण, अक्षर, थांबा याच टेलिप्रिंटरच्या चालीने जातात. स्टार्टरवर वाचता न येणारी अक्षरे आली तर दोन्ही बाजूंचा बॉड दर जुळतो का ते आधी पाहा.

देवनागरीची वाट वेगळी आणि उशिराची. आयएस १३१९४ हे १९९१ चे भारतीय मानक अक्षराला एक बाइट देई. जगभरच्या लिप्यांच्या युनिकोड संकेतप्रणालीनेही देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘जळगाव’ची पाच चिन्हे काना धरून १५ बाइट होतात.

शाळा-कॉलेजच्या कोठारात जुनी यंत्रे असतील तर चालू करून पाहायची घाई करू नका. जुन्या २८६-३८६ कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटून अल्कली गळते आणि तांब्याच्या रेघा हिरव्या पडून तुटतात. बॅटरी कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब, म्हणजे विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब, लावा: तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पिक्चर ट्यूबचा मॉनिटर उघडू नका, बंद असतानाही त्यात विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून तबकडी पाहा. पांढरे डाग म्हणजे बुरशी, आणि ती ड्राइव्हच्या हेडला लागली की पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडते. चांगली असेल तर लिहिणे बंद करणारी खिटी उघडी करून आधी पूर्ण प्रत काढा: हाय-डेन्सिटी फ्लॉपीत ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६० बाइट. तेवढी फाइल बनली नाही तर प्रत अर्धवट आहे. आणि वस्तू हलवण्याआधी तिच्या तारा कुठून कुठे गेल्या होत्या याचा फोटो घ्या. सुटी झालेली गोळ्यांची पेटी पुसून रंगवता येते, पण ती कोणत्या दोन स्टेशनांमध्ये बोलत होती हे नंतर कोणी सांगू शकत नाही.