अग्रिम उपचार-नियोजन आणि सरकारी आरोग्य विमा (कोकण किनारपट्टी)

पुढे कधी शुद्ध हरपली किंवा वाचा गेली, तर आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे माणसाने धडधाकट असतानाच डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून ठरवून ठेवणे म्हणजे अग्रिम उपचार-नियोजन. त्यातून जो कागद तयार होतो त्याला वैद्यकीय इच्छापत्र किंवा सर्रास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. कागद छोटा असू शकतो, पण त्यामागचे बोलणे एका बैठकीत क्वचितच संपते. व्हेंटिलेटर म्हणजे काय, नळीने अन्न देणे म्हणजे काय, त्यातून कितपत बरे वाटेल, हे समजावून सांगायला डॉक्टरला निवांत वेळ लागतो. त्या वेळेचा मोबदला सरकारी विम्याने द्यावा का, हा प्रश्न काही देशांनी सोडवला आहे. भारतात तो अजून नीट विचारलाही गेलेला नाही आणि याची झळ कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना विशेष बसते.

अमेरिकेत मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेला मेडिकेअर हा सरकारी विमा १ जानेवारी २०१६ पासून या संभाषणाचे डॉक्टरला वेगळे शुल्क देतो. पहिल्या अर्ध्या तासासाठी ९९४९७ आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या तासासाठी ९९४९८ असे बिलात लिहायचे दोन संकेतांक त्यासाठी आहेत. बोलणे रुग्णाच्या मर्जीने व्हायला हवे. शेवटी कागदावर सही झालीच पाहिजे अशी अट नाही, आणि प्रकृती पालटली की पुन्हा बसता येते. वार्षिक तपासणीच्या भेटीतच हे बोलणे झाले तर रुग्णाला पदरचे काही द्यावे लागत नाही, एरवी त्याच्यावर नेहमीचा २० टक्के वाटा येतो. ही तरतूद २००९ च्या आरोग्य सुधारणा विधेयकातही घातली होती. पण सरकार म्हाताऱ्यांच्या मरणाचा निकाल लावणारी मंडळे नेमणार आहे, असा धादांत खोटा प्रचार झाला आणि ती काढून टाकावी लागली. शुल्क सुरू झाल्यानंतरही बहुसंख्य लाभार्थींपर्यंत ही सोय पोहोचलेली नाही. पैशांची तरतूद झाल्याने बोलण्याची भीती आपोआप जात नाही, हे त्यावरून दिसते. जर्मनीने २०१५ च्या कायद्याने वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहांतल्या अशा समुपदेशनाचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा निधीवर टाकला. तैवानमध्ये रुग्णाच्या स्वायत्ततेचा कायदा ६ जानेवारी २०१९ ला लागू झाला. तिथे इच्छापत्रापूर्वी समुपदेशन सक्तीचे आहे, पण सुरुवातीला त्याची फी लोकांनाच भरावी लागत होती.

भारतात हक्क आधी आला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातल्या होन्नावरजवळच्या हळदीपूरच्या, म्हणजे याच किनाऱ्याच्या. १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम आधार काढून घेण्याचा मार्ग कडक अटींवर मान्य केला, मात्र त्यांच्याबाबतीत तशी परवानगी दिली नाही. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनाही ते नको होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असल्याने तो कागद करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे घालता येतात, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर महाराष्ट्र शासनाने असे अभिरक्षक नेमले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवले. त्या राज्यातली ती पहिली नोंद होती.

विम्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोकणातला रायगड त्या आठांत होता. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाले आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, विम्याचे वय वंदना कार्ड मिळते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. या योजनांनी गरिबाघरची माणसे वाचवली आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्यांची रचना रुग्णालयातल्या खाटेभोवती आहे. औषधोपचारासाठी दाखल रुग्णाचे आयुष्मान भारतमधले दर दिवसाप्रमाणे ठरतात आणि साधा वॉर्ड, त्यावरचा कक्ष, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभाग अशा पायऱ्यांनी चढत जातात. बाह्यरुग्ण तपासणी त्यात बसत नाही. त्यामुळे ऐंशीच्या आजीचा व्हेंटिलेटर विम्यात बसतो. तो तिला हवा आहे का, हे तिला शांतपणे विचारण्याचा अर्धा तास मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये नाही. रुग्णालयाच्या दारातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, रेशनकार्ड आणि आधार तपासतो. इच्छापत्र आहे का, हे विचारणे त्याच्या कामात धरलेले नाही.

कोकणात ही उणीव अधिक का जाणवते, हे इथल्या घरांकडे पाहिले की कळते. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. राज्यात बहुतेक जिल्ह्यांत माणसे वाढत असताना इथे ती घटली. कर्ती पिढी मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवलीकडे, आणि गावच्या घरात आई-वडील. रात्री पक्षाघाताचा झटका आला की शेजारी १०८ ला फोन करतात. ग्रामीण रुग्णालय, तिथून ओरोस किंवा रत्नागिरी, आणि मग ‘पुढे हलवा’ असे सांगितले जाते. दक्षिणेकडच्या तालुक्यांतले लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, काही घाट चढून कोल्हापूरला. व्हेंटिलेटर लावायचा का, याचे उत्तर देणारा मुलगा त्या वेळी गावाकडे येणाऱ्या कोकणकन्या रेल्वेगाडीत बसलेला असतो. फोनवर तो एकच सांगू शकतो, ‘जे करायचं ते करा.’ त्यात त्याचा दोष नाही. आईला काय हवे, हे त्याला कोणी कधी विचारायला लावलेलेच नसते.

आठवडाभराने उलट प्रसंग येतो. ‘माका घराक व्हरा’ (मला घरी न्या) असे म्हाताऱ्या माणसाने आधी कधीतरी म्हटलेले कोणाला तरी आठवते आणि नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर सही करून रुग्णाला घरी नेतात. तोंडात गंगाजल, तुळशीपत्र आपल्या माणसांच्या हातून पडावे, ही त्यामागची ओढ खरी आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. मात्र सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या रुग्णाबरोबर वेदनाशमन येत नाही. तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनसाठीचे नियम २०१४ च्या कायदा दुरुस्तीने सैल झाले, तरी वाडीवस्तीपर्यंत ते औषध पोहोचणे दूरच. आधी ठरवून घरी आणलेल्या माणसाला परिचारिका, औषध आणि डॉक्टरचा फोन मिळू शकतो. घाईत आणलेल्याला यातले काही मिळेलच असे नाही. नियोजनाचे महत्त्व इथे सर्वांत जास्त आहे, आणि विमा नेमका इथे गैरहजर आहे.

उपचार थांबवण्याची रीत छोट्या जिल्ह्यात अवघडही आहे. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी दोन वेगळे तज्ज्ञ यांचे दुय्यम मंडळ, आणि दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. मुंबईत हे जमते. तालुक्याच्या गावी इतके तज्ज्ञ एका वेळी गोळा करणे कठीण. दुय्यम मंडळाला दूरदृश्य पद्धतीने बसू द्यावे आणि त्याचा खर्च योजनेने उचलावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

संभाषणाच्या शुल्कासाठी नवी योजना उभारण्याची गरज नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई घरोघरी जातात, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टर मोफत भेटतो. २०१० मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमही आहे. वय वंदना कार्ड काढताना एक ठरलेली भेट पॅकेजमध्ये घातली, तर सुरुवात होईल. वेळ निवडायची झाली तर गणपतीसारखी दुसरी नाही. चाकरमानी घरी आलेले असतात, आई-वडील समोर असतात, आणि सगळी भावंडे एकाच छपराखाली असतात. सणात मरणाचे बोलू नये, हा संकोच समजण्यासारखा आहे. पण विसर्जनानंतरच्या दुपारी, मुंबईची गाडी पकडण्याआधी, हे बोलणे जमू शकते.

आजच्या घडीला इच्छापत्र करणाऱ्या कोकणवासीयाने एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. कागद महाराष्ट्रातल्या नगरपंचायतीच्या अभिरक्षकाकडे दिलेला असेल आणि माणूस बांबोळीच्या अतिदक्षता विभागात असेल, तर तो कागद तिथल्या डॉक्टरांसमोर आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश राज्याची हद्द ओलांडली तरी लागू असतो. प्रत मात्र घरच्यांनीच हातात न्यावी लागते. म्हणून एक प्रत आजारपणाच्या फाईलमध्ये, एक नेहमीच्या डॉक्टरकडे, आणि तिचा फोटो मुंबईच्या मुलाच्या नि गावातल्या भरवशाच्या शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये असावा.