छोट्या गटाची चित्रपुस्तकं: ती आली कुठून आणि आपण आधी तात्पर्यच का शोधतो

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की कोणीतरी विचारतंच, मुलगी छोट्या गटात गेलीय, घरी वाचायला कुठली पुस्तकं घेऊ. पुस्तक प्रदर्शनात जरा बाजूला उभं राहून बघा, आईबाबा पुस्तक उचलतात, थेट शेवटचं पान उघडतात, काही शिकवण आहे का बघतात, मग किंमत, आणि चित्रं जमली तर. मीही हेच करायचे. पण ही सवय कुठून लागली ते बघायला गेलं की बरंच मागे जावं लागतं.

मराठीत मुलांसाठी छापणं तसं जुनं आहे. मिशनऱ्यांचं 'बालबोधमेवा' १८७२ चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं. पण हे सगळं ज्याला वाचता येतं त्या मुलासाठी होतं. चार वर्षांच्या पोराला पुस्तक कशाला, त्याला आजी आहे की! आणि खरंच आजीकडे माल होता, चिऊताई चिऊताई दार उघड, थांब माझ्या बाळाला तीट लावते, थांब माझ्या बाळाला काजळ घालते, तेच ते परत परत, आणि पोराला पुढचं वाक्य आधीच पाठ. म्हणजे चित्रपुस्तकाला जी लय लागते ती आपल्याकडे तोंडी होतीच, छापलेल्या पानावर मात्र इसापनीती आली आणि खाली ठळक अक्षरात तात्पर्य.

युरोपातही सुरुवात शिकवण्यापासूनच झाली. कोमेनियस नावाच्या मास्तरांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला चित्रांचं पुस्तक काढलं, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारी लॅटिन आणि जर्मनमध्ये त्यांची नावं. आपला 'अ अननसाचा' तक्ता याच घराण्यातला म्हणायला हरकत नाही. चित्र म्हणजे शब्दाचं लेबल, एवढंच. हे बदललं ते १८७८ पासून इंग्लंडमध्ये रँडॉल्फ कॅल्डेकॉट साध्या बडबडगीतांना चित्रं काढायला लागला तेव्हा. मजकूर एक सांगतोय आणि चित्रात त्याच्या पुढचं काहीतरी चाललंय, ही गंमत त्याच्यापासून मानतात, अमेरिकेत १९३८ पासून उत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला त्याच्या नावाचं मेडल देतात ते म्हणूनच.

आपल्याकडे 'लहान मूल' हा वेगळा विषय झाला तो गुजरातचे बालशिक्षक गिजुभाई बधेका यांच्यामुळे. १९२० साली भावनगरला बालमंदिर निघालं, आपल्या ताराबाई मोडक १९२३ ला त्यांच्यासोबत काम करायला तिथे गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ ही संस्था निघाली. गंमत बघा, हे सगळे इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या वाटेने जाणारे, आणि मॉन्टेसरीबाईंना मात्र इतक्या लहान मुलांना परीराक्षसाच्या गोष्टी सांगणं पसंत नव्हतं. गिजुभाईंनी तेवढं काही ऐकलं नाही, त्यांनी गोष्ट कशी सांगावी याच्यावर गुजरातीत आख्खं पुस्तकच लिहिलं, आणि त्यांच्या मते गोष्ट आधी आनंदासाठी. पुढे १९४५ मध्ये ताराबाई मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठच्या बोर्डी गावाला गेल्या, सोबत अनुताई वाघ, मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पण तिथे होती ती गाणी, गोष्टी, बिया, शंख-शिंपले. रंगीत पुस्तक कुठून आणणार.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे, चित्राचा खर्च. चार रंगांत छापायचं तर प्रत हजारोंनी काढल्याशिवाय परवडत नाही आणि मराठीत हजारो प्रती खपतील ही खात्री कुणाला? मग खर्च दुसऱ्याने उचलला. एक दिल्लीने, सरकारी प्रकाशन संस्था नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ ची, आणि साठचं दशक संपता संपता त्यांची नेहरू बाल पुस्तकालय ही माला सुरू झाली. तेच पुस्तक सगळ्या भाषांत, चित्रं तीच, फक्त मजकूर बदलायचा. त्यामुळे किंमत एवढीशी.

दुसरा खर्च उचलला तो मॉस्कोने. प्रगती आणि नंतर रादुगा प्रकाशनाची पुस्तकं, अनिल हवालदारांसारख्यांनी मराठीत केलेली, मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाकडून मिळायची, जाड कागद, झकास चित्रं आणि किंमत बघून विश्वास बसायचा नाही. आमच्याकडे मामाने आणलेली दोन अजून आहेत, एकाची शिवण उसवलीय. त्यातल्या एका चित्रात आजी चुलीवर झोपलेली होती, मी आईला विचारलेलं आठवतंय की तिला चटका नाही का बसत. रशियात घरातली ती मोठी भट्टी वरून झोपण्याइतकी ऐसपैस असते हे आईला तरी कुठे माहीत, ती म्हणाली विझलेली असेल. पण त्या एका चित्रावर आम्ही किती वेळ घालवला असेल! १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच गेलं आणि ती पुस्तकं यायची बंद झाली, मग बरीच वर्षं स्टेशनवरच्या स्टॉलवरची चकचकीत गुलाबी-निळी पुस्तकं, ज्यांच्यावर ना लेखकाचं नाव ना चित्रकाराचं.

मराठी घर मराठी चित्रपुस्तकात नीट दिसलं ते माधुरी पुरंदरेंमुळे, असं मी तरी म्हणेन. बाई स्वतः मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या चित्रकार, त्यामुळे लिहिणारी आणि काढणारी एकच. ज्योत्स्ना प्रकाशनाची 'राधाचं घर' किंवा यशची पुस्तकं उघडलीत तर आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखीच घरं, आणि 'चित्रवाचन' मध्ये तर पानभर चित्रच, गोष्ट आपली आपण शोधायची. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ ला मिळाला. इकडे चेन्नईची तूलिका ही प्रकाशन संस्था १९९६ पासून, मराठीतही पुस्तकं काढते, आणि बंगळुरूची प्रथम बुक्स २००४ ची, त्यांनी २०१५ ला स्टोरीवीव्हर ही वेबसाइट काढून पुस्तकं ऑनलाइन फुकट केली, अनुवाद कोणीही करा. हे भारी आहे, पण त्यामुळेच कधीकधी मराठी अशी असते की मोठ्याने वाचताना जीभ अडकते. म्हणून मी पुस्तक घेण्याआधी दोन पानं तिथेच पुटपुटून बघते, दुकानदार बघतो तर बघू दे. शेवटचं पान आता उघडत नाही. आधी मजकुरावर हात ठेवायचा आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का बघायचं, कारण छोट्या गटातलं पोर तेच करणार आहे. कव्हरवर चित्रकाराचं नाव आहे का तेही बघते, नसेल तर बहुतेक वेळा आत काही नसतं.

लहान मुलांच्या शिक्षणासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय पायाभूत आराखड्यात गोष्टींच्या पुस्तकांवर चांगला भर आहे, बालवाड्यांना पुस्तकं पोचतायत. मी गेले होते त्या एका बालवाडीत नवा कोरा गठ्ठा कपाटात होता आणि कपाटाला कुलूप, पोरं फाडतात म्हणून. बाहेर खिडकीपाशी मात्र ताईंनी स्वतःच्या घरून आणलेलं एक जुनं पुस्तक होतं, चारी कडांना सेलोटेप, वाघाचं शेपूट फाटून गेलेलं. ताई वाचायला बसल्या तर सातआठ पोरं अंगावर चढून, आणि त्या पानावर आल्यावर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, शेपूट ओमने खाल्लं.