चक्रीवादळ वेगळं, टॉर्नेडो वेगळा

टॉर्नेडोची बातमी मराठीत आली की मथळ्यात बरेचदा ‘चक्रीवादळ’ लिहिलेलं असतं. दोन्हीत वारा गरगर फिरतो, दोन्हीत छपरं उडतात, त्यामुळे गफलत होणं साहजिक आहे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, टॉर्नेडो बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आतबाहेर असतो. पण नुसत्या आकाराचाच फरक असता, तर एवढं लिहीत बसलो नसतो.

चक्रीवादळ पोसतो समुद्र. पाणी साधारण 26-27 अंश सेल्सिअस तापलेलं लागतं आणि तेही वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. नाहीतर वादळाच्या घुसळणीने खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ स्वतःचीच चूल विझवून बसतं. या पाण्यावरची दमट हवा वर चढते, गार होते, बाष्पाचे ढग बनतात. बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता हवेला आणखी तापवते, खालचा दाब आणखी उतरतो आणि चहूबाजूंनी आणखी हवा धावून येते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ मध्याकडे न जाता वळते: उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट, दक्षिणेत घड्याळाप्रमाणे. विषुववृत्ताला लागून हा वळसा जवळजवळ मिळतच नाही, म्हणून तिथे समुद्र कितीही तापला तरी चक्रीवादळं क्वचितच होतात.

टॉर्नेडोला समुद्र लागत नाही. जमिनीलगतचा वारा संथ आणि उंचावरचा जोराचा, शिवाय दिशाही वेगळी असली, की मधली हवा आडवी लोळू लागते, दोन तळव्यांत वात वळावी तशी. गडगडाटी ढगात वर उसळणारा प्रवाह ही आडवी गुंडाळी उचलून उभी करतो. मग फिरणारी हवा आकसते, वेग वाढतो आणि ढगातून सोंड खाली उतरते. ती जमिनीला टेकली की झाला टॉर्नेडो. असे फिरते ढग पुष्कळ असतात, पण सोंड थोड्यांतूनच उतरते.

मला यातली खरी गंमत वाटते ती ही: उंचीगणिक वारा बदलण्याला हवामानवाले ‘विंड शिअर’ म्हणतात. टॉर्नेडो त्यातूनच जन्मतो आणि चक्रीवादळ त्यानेच मरतं, कारण वरचा वारा ढगांचा माथा बाजूला ढकलतो आणि मध्यावर उष्णता साठत नाही. तरीही किनाऱ्यावर धडकलेल्या चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून टॉर्नेडो निघतात. 2004 मध्ये अमेरिकेत ‘आयव्हन’ने असे शंभराहून अधिक टॉर्नेडो सोडले.

नुकसानीची तऱ्हाही निराळी. चक्रीवादळात सर्वाधिक बळी सहसा वाऱ्याने नव्हे, पाण्याने जातात. वारा समुद्राला किनाऱ्याकडे लोटतो, उथळ किनाऱ्यावर त्या पाण्याला जागा उरत नाही आणि पातळी काही मीटरनी चढते. हीच वादळी लाट. त्यात भरतीची वेळ असली तर विचारायलाच नको. नोव्हेंबर 1970 मध्ये आजच्या बांगलादेशात भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख माणसं गेली, ती मुख्यतः अशा लाटेत. वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मधला शांत भाग, माथ्यावर आला की वारा पडतो, आकाशही उघडतं, लोक बाहेर येतात, आणि मग वारा उलट्या दिशेने तुटून पडतो.

टॉर्नेडो मात्र अरुंद पट्ट्यातच नासधूस करतो. एका घराचा नुसता पाया उरतो, पलीकडच्याची कौलंही हलत नाहीत. वाऱ्याचा वेग मोजायला उपकरण सहसा जागेवर नसतंच. म्हणून हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी 1971 मध्ये मांडलेली श्रेणी मोडतोड पाहून जोर ठरवते. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज भागात एकाच टॉर्नेडोने सुमारे 1300 जीव घेतले.

चक्रीवादळ उपग्रहांना कित्येक दिवस आधी दिसतं, टॉर्नेडोच्या इशाऱ्यानंतर हाताशी काही मिनिटंच असतात. म्हणून चक्रीवादळात किनारा सोडून उंचावर जायचं आणि टॉर्नेडोत आहे तिथेच तळघर गाठायचं. वादळी लाट आली तर हेच तळघर सगळ्यात आधी भरतं.