चिरलेलं वांगं आणि कपातला चहा

परवा भाचा कोम्बुचाची बाटली घेऊन आला. लेबलावर ‘आंबवलेला चहा, शरीरातली विषं बाहेर टाकतो’. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकटात करतात. मी अडखळलो ते ‘आंबवलेला’ या शब्दाशी. कारण कारखान्यात आपल्या रोजच्या काळ्या चहालाही आंबवलेलाच म्हणतात, आणि तो आंबतच नाही!

भरताचं वांगं चिरून ओट्यावर ठेवा. हिरवट-पांढरा गर थोड्याच वेळात तपकिरी पडतो. पेशीत पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत असतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) लवकांत, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत. विळी फिरली की मधले पडदे फाटतात, दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पॉलिफेनॉलचे क्विनोन बनतात. हे क्विनोन भारी चिकट, एकमेकांना धरत तपकिरी रंग देतात. चहाच्या कारखान्यात हेच मुद्दाम घडवतात. पानं कोमेजू देतात, यंत्रात चुरडतात, दमट हवेत पसरतात. पानातल्या कॅटेचिन या पॉलिफेनॉलचे क्विनोन होतात. त्यातही एकाच्या ‘बी’ कड्यावर, म्हणजे रेणूतल्या एका कार्बनच्या कड्यावर, दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आणि दुसऱ्याच्या तीन असतील, तर दोन्ही कडी जुळतात, एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो आणि सात कार्बनांचं कडं उरतं. हे थिआफ्लेविन. कोऱ्या चहाची सोनेरी लाली आणि जिभेवरचा तरतरीतपणा त्याचाच. गडद तपकिरी रंग थिआरुबिजिनचा.

आता भरीत आठवा. आपण वांगं अख्खंच कपाशीच्या काड्यांवर भाजतो. कापण्याआधीच उष्णतेनं विकर मरतं, म्हणून गर फिका राहतो. ग्रीन टीची युक्ती हीच, पानं आधी वाफवतात किंवा कढईत परततात.

खरा आंबलेला म्हणजे कोम्बुचा. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, जिवाणू त्याचं ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचंच आम्ल. वर तरंगणारा चिवट पापुद्रा सेल्युलोजचा असतो, आपल्या कापसाचाच पदार्थ.

आणि तब्येत? परीक्षानळीत थिआफ्लेविन ऑक्सिडीकरण छान रोखतं. पण पोटातून रक्तात ते नगण्यच जातं. बहुतेक मोठ्या आतड्यात पोहोचतं आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांचं पुढे काय, यावरच खरं संशोधन हवं, बाटलीवरच्या घोषणांवर नव्हे. एक परिणाम मात्र पक्का आहे. चहातली हीच पॉलिफेनॉल बाजरीच्या भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात, ते शरीराला कमी मिळतं. त्यामुळे बहिणीनं जेवण होताच कप पुढे केला, तरी मी तासभर थांबतो. तिला वाटतं, मी रुसलोय.