कॅनडातून जोडीदाराला पीआरसाठी स्पॉन्सर करताय? लग्न खरं असूनही फाइल कुठे अडकते ते वाचा

वरवर बघितलं तर हा कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या हक्काचा, सगळ्यात सोपा रस्ता आहे. आयईएलटीएस नाही, पॉइंट्स नाहीत, डिग्रीचं मूल्यांकन नाही, आणि बहुतेक केसेसमध्ये स्पॉन्सरला किमान उत्पन्नाची अटसुद्धा नाही. तरी फायली परत येतात, रिजेक्ट होतात, आणि त्यातली कितीतरी जोडपी रीतसर दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर बोहल्यावर चढलेली असतात. बहुतेक वेळा भानगड एकच, एक कागद एक सांगतो आणि दुसरा भलतंच.

आधी स्पॉन्सर कोण होऊ शकतो ते पटकन. वय १८ पूर्ण, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर (तिथले नोंदणीकृत इंडियन म्हणजे मूलनिवासीसुद्धा), आणि अपंगत्व सोडून इतर कारणाने सरकारी वेलफेअर घेत नसावा. तुम्ही स्वतःच कुणाच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असाल आणि ते लग्न मोडून दुसरं केलं असेल तर पीआर मिळाल्यापासून ५ वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर असाल तर हा रस्ता तुमचा नाहीच, आधी पीआर व्हा. क्युबेकमध्ये राहत असाल तर तिथल्या सरकारची वेगळी पायरी आणि वेगळा कोटा आहे, तो आधी बघा.

एक गोष्ट मात्र जरा थांबून वाचा. पीआर असलेल्या स्पॉन्सरने कॅनडात राहणं सक्तीचं आहे. लॅपटॉप घेऊन कोथरूडला आईवडिलांकडे बसून टोरांटोच्या कंपनीचं काम करतोय, बायको जवळ आहे, फाइल टाकून देऊ, असं करणारे बरेच आहेत, आणि ते सरळ अपात्र ठरतात. सुट्टीला येऊन जाणं वेगळं, मुक्काम टाकणं वेगळं. नागरिक असाल तर भारतात बसूनही अर्ज करता येतो, फक्त जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण परत जाणार हे नोकरी, घर वगैरेच्या कागदांनी दाखवावं लागतं.

आता सगळ्यात वाईट खड्डा. एक्स्प्रेस एंट्रीचा (शिक्षण, नोकरीच्या पॉइंट्सवर पीआर मिळायचा रस्ता) अर्ज 'सिंगल' म्हणून केला, सीओपीआर म्हणजे पीआर मंजूर झाल्याचा कागद हातात आला, इकडे घरच्यांनी मुहूर्त काढला, लग्न झालं, आणि नवरा आठवड्याभरात विमानात बसून 'सिंगल' म्हणूनच लँड झाला, म्हणजे कॅनडात उतरून पीआर झाला. एअरपोर्टवर विचारतात, वैवाहिक स्थितीत बदल झालाय का? तो नाही म्हणाला, कारण एजंटने सांगितलं होतं की बोलू नकोस, उशीर होईल, बायकोला नंतर बोलावता येईल. नंतर बोलावता येत नाही! इमिग्रेशन रेग्युलेशनमधलं ११७(९)(ड) हे कलम असं आहे की तुम्ही पीआर होताना जो जोडीदार अस्तित्वात होता पण तुम्ही दाखवला नाही आणि म्हणून त्याची तपासणी झाली नाही, तो पुढे फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे कुटुंबीय म्हणून स्पॉन्सर होऊन, येऊच शकत नाही. २०१९ साली यावर एक तात्पुरती सवलत काढली गेली, पण ती निर्वासित म्हणून किंवा स्वतः स्पॉन्सर होऊन आलेल्यांसाठी, एक्स्प्रेस एंट्रीवाल्यांना तिचा उपयोग नाही. मग मानवतावादी कारणांवर विनंती करायची, म्हणजे सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि वर तुमच्या स्वतःच्या पीआरवर खोट्या माहितीचा प्रश्न येतो तो वेगळाच. साखरपुडा झाला असेल तर काही बिघडत नाही, साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. पण लग्न झालं असेल तर लँडिंगच्या आधी आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) कळवा, बायकोचं नाव फाइलमध्ये घाला, दोनचार महिने उशीर झाला तर होऊ दे.

आणि इथेच आपल्याकडची एक सवय नडते. हॉल मिळत नाही, मुहूर्त मे महिन्यात आहे, म्हणून 'व्हिसासाठी' डिसेंबरमध्ये गुपचूप रजिस्टर करून ठेवायचं, आणि खरं लग्न मेमध्ये असं धरून चालायचं. तुमच्यासाठी मे खरं असेल, कायद्याने लग्न डिसेंबरमध्ये झालंय. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख सर्टिफिकेटवरचीच लिहायची, मेमधला सोहळा आयएमएम ५५३२ या नात्याची माहिती देण्याच्या फॉर्ममध्ये वेगळा समजावून सांगायचा. मधल्या काळात नवरा जानेवारीत लँड झाला असेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

सर्टिफिकेटबद्दल अजून थोडं. कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेला दाखला, आर्य समाजाचं सर्टिफिकेट यावर भागत नाही, सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. धार्मिक विधीने लग्न झालं असेल तर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी होते, मुदत ९० दिवस, नंतर दंड भरून. त्याला नवरा, बायको, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही असं सगळं जमवावं लागतं, आणि नवरा लग्नानंतर आठव्या दिवशी उडून गेला की गाडं अडतं, म्हणून सत्यनारायण एक दिवस पुढे गेला तरी चालेल पण नोंदणी आधी उरका. विशेष विवाह कायद्याने म्हणजे लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात तसं करायचं असेल तर हिशोब आणखी वेगळा: दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, मग नोटीस, मग ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न करायचं नाहीतर नोटीस बाद. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही, नोटीसची व्यवस्था आधी करावी लागते. हे तिकीट काढायच्या आधी बघावं, लोक तिकीट काढून मग बघतात. आणि व्हिडिओ कॉलवरचं लग्न, एकजण इथे एकजण तिथे, हे जून २०१५ पासून कॅनडा मानत नाही, दोघंही प्रत्यक्ष हजर हवेत.

प्रमाणपत्र नुसतं मराठीत असेल, ग्रामपंचायतीचं बऱ्याचदा असतं, तर इंग्रजी भाषांतर लागतं, भाषांतर करणाऱ्याच्या अ‍ॅफिडेव्हिटसकट. नवरीचा मामा वकील आहे, तो करून देईल, हे चालत नाही, नातेवाईक कितीही शिकलेला असला तरी नाही.

नावांचा घोळ ही तर आपली खास देणगी. दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव मधे, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा, जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, आणि लग्नात तांदळावर नाव लिहून पहिलं नावसुद्धा बदललेलं. कॅनडाला तुम्ही नाव बदलायला हवं असं अजिबात नाही, आपल्या कायद्यालाही नाही. पासपोर्ट ज्या नावाचा आहे त्याच नावाने अर्ज करा, फॉर्ममधली आणि शेवटी सहीच्या जागी टाइप करायची नावंसुद्धा तशीच्या तशी, आणि बाकी सगळी नावं 'इतर नावं' या रकान्यात न लाजता लिहा, सोबत ही सगळी एकाच बाईची नावं आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट. अर्जाच्या तोंडावर हौसेने पासपोर्ट बदलायला जाऊ नका.

पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, भारतासाठी पासपोर्ट ऑफिसचं हवं, पोलिस स्टेशनने दिलेला चारित्र्याचा दाखला घेऊन लोक येतात, तो बाजूला ठेवा. आत्ता राहताय त्या देशाचं पीसीसी अर्ज करताना ६ महिन्यांपेक्षा जुनं नको. आणि गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, सलग ६ महिने किंवा जास्त जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं. कंपनीने दीड वर्ष दुबईला पाठवलं होतं ते लोक विसरतात, पण पासपोर्टवरचे शिक्के विसरत नाहीत.

आयएमएम ५५३२ हा फॉर्म म्हणजे फाइलचा जीव. कसे भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला कोण आलं, कोण नाही आलं, आधीचं लग्न होतं का. ठरवून केलेलं लग्न म्हणजे संशयास्पद असं अजिबात नाही, भारतातल्या फायली बघणाऱ्यांना ते माहीत असतं. पण मग त्याच रीतीने सांगा: कुणी स्थळ सुचवलं, बायोडाटा कधी गेला, पाहायचा कार्यक्रम कुठे झाला, बैठक कधी, होकार कुणी कळवला. 'वी मेट अँड फेल इन लव्ह' असं नेटवरून उचललेलं लिहिलं आणि खाली मॅट्रिमोनी साइटचा स्क्रीनशॉट लावला की अधिकारी भुवया उंचावणारच. आई लग्नाला आली नाही तर कारण लिहा, आजारी होती तर डॉक्टरचा कागद लावा, रिकामा रकाना सोडू नका. फोटो जास्तीत जास्त २०, चॅट १० पानं, तेव्हा हळदीचेच अठरा फोटो नकोत, वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळी माणसं, थोडे साधे घरातलेही. लग्नानंतर एकत्र राहिलाच नसाल तर पैसे पाठवल्याच्या नोंदी, भेटीची तिकिटं, एलआयसी किंवा पीएफला जोडीदार नॉमिनी केल्याचा कागद, हे उपयोगी पडतं.

स्पॉन्सरकडचा एक कागद मात्र हमखास उलटतो. सीआरएला (कॅनडाच्या आयकर खात्याला) लग्न झाल्याचं पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवायचं असतं, ते कुणी करत नाही, रिटर्न 'सिंगल' म्हणून भरलं जातं, आणि फाइलला जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वैवाहिक स्थिती अविवाहित! आधी ते दुरुस्त करा, मग फाइल.

आधीचा घटस्फोट असेल तर कोर्टाच्या डिक्रीची प्रमाणित प्रत. शंभरच्या स्टँपवर पंचांसमोर केलेली फारकत पुढे करू नका. आणि डिक्रीनंतर अपिलाची मुदत संपायच्या आत दुसरं लग्न केलं असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही पाठवू नका.

फी ३० एप्रिल २०२४ च्या दराने १,२०५ कॅनेडियन डॉलर होती, वर बायोमेट्रिकचे ८५. दर दोन वर्षांनी वाढते, भरताना चालू दर बघा, चुकीच्या रकमेनेही फाइल परत येते. अर्ज सप्टेंबर २०२२ पासून ऑनलाइन पोर्टलवरच. बायोमेट्रिक पत्र आलं की ३० दिवसांत बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात जायचं. मेडिकल आयआरसीसीने सांगितलं की त्यांच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच. शुगर आहे, थायरॉइड आहे म्हणून घाबरू नका, उपचारांचा खर्च जास्त होईल या कारणाने जोडीदाराला नाकारता येत नाही.

जोडीदार आधीच कॅनडात असेल तर 'इनलँड' (कॅनडात एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठीचा अर्ज) आणि 'आउटलँड' (कॅनडाबाहेरच्या जोडीदारासाठीचा, फॅमिली क्लासचा) दोन्ही दारं उघडी असतात, आणि लोक इनलँड घेतात कारण नाव ऐकून जवळचं वाटतं. त्यात नकार आला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील नाही. आउटलँडमध्ये आहे, स्पॉन्सरने करायचं, नकाराचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत. मध्येच भारतात यायची वेळ येणार असेल तरी आउटलँडच बरं, कारण इनलँडला तिकडे एकत्र राहणं ही अटच आहे.

नकाराच्या आधी बऱ्याचदा एक पत्र येतं, अमुक शंका आहे, तमुक दिवसांत उत्तर द्या. हे एजंटच्या ईमेलवर गेलं आणि त्याने आठवडाभर उघडलंच नाही, असं होतं, म्हणून अर्जात ईमेल स्वतःचा द्या. पैसे घेऊन काम करणारा माणूस कॅनडाचा वकील किंवा लायसन्सवाला कन्सल्टंट आहे का आणि तो आयएमएम ५४७६ या प्रतिनिधी नेमण्याच्या फॉर्मवर स्वतःचं नाव घालायला तयार आहे का, हे विचारा. नाव घालत नसेल तर त्याच्या समोरच्या खुर्चीवरून उठा, कारण त्याने भरलेल्या खोट्या माहितीची ५ वर्षांची बंदी अर्जदारावर बसते, त्याच्यावर नाही.